घरच्या घरी पदार्थविज्ञान : अभ्यासक्रम कसा निवडावा?

बदलीची नोकरी, मुलाची प्रकृती अथवा विचारपूर्वक केलेला निश्चय, अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने मुलांना काही वर्षे घरीच शिकविणारी कुटुंबे आपल्या देशात आहेत. भाषा आणि गणित यांची त्यांना फारशी धास्ती वाटत नाही. पदार्थविज्ञानाचे नाव निघाले की मात्र धीर खचतो, आणि एखादी महागडी प्रयोगपेटी आणून मनाचे समाधान करून घेतले जाते. सहा ते दहा वर्षांचे मूल दिवसभर ‘असे का?’ म्हणून विचारीत असते. त्याच्या प्रश्नाला पाठ करावयाची व्याख्या हेच उत्तर मिळत गेले, तर ते विचारणेच सोडून देते. म्हणून ही निवड जपून करावयास हवी.

पहिली कसोटी अशी : पुस्तकात आधी वस्तू येते की आधी शब्द? लंबकाचेच पाहा. दोऱ्याला दगड बांधून टांगा. टांगलेल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत अंतर एक मीटर असेल, तर दहा पूर्ण झोक्यांना सुमारे 20 सेकंद लागतात. अंतर 25 सेंटीमीटर केले की सुमारे 10 सेकंद. लांबी चौथाई झाली, वेळ मात्र निम्मा झाला! दगड बदलला तरी वेळ जवळजवळ तोच राहतो. हे ज्याने स्वतः मोजले, त्याला ‘आवर्तकाल’ हा शब्द मागाहून सांगितला तरी चालतो. केवळ शब्द पाठ केलेल्या मुलाला लंबक भेटलेलाच नसतो.

दुसरी कसोटी सत्याची आहे. पुस्तक हाती घेताच मेणबत्तीच्या प्रयोगाचे पान उघडा. बशीतील पाण्यात जळती मेणबत्ती ठेवून तिच्यावर पेला उपडा घालतात. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढते. ‘प्राणवायू जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली,’ असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. हे स्पष्टीकरण सदोष आहे. प्राणवायू काही अंशी खर्च होतो हे खरे. परंतु तो सारा संपण्याच्या आतच ज्योत विझते आणि जळताना कार्बन डायऑक्साइड व वाफही निर्माण होतात. पाणी चढते ते मुख्यतः तापून फुगलेली हवा निवून आकसते म्हणून. तुम्ही स्वतः पेटवून मुलांना एकीऐवजी तीन मेणबत्त्यांचा प्रयोग दाखवा. पेला तोच, प्राणवायूही तेवढाच. तरी पाणी अधिक चढते, आणि तेही ज्योती विझल्यावर भराभर. जे पुस्तक मुलांना अशी उलटतपासणी करू देते, ते घरी आणण्याजोगे समजावे.

तिसरी कसोटी साहित्याची व सुरक्षिततेची. मोजपट्टी, तराजू, आरसा, दोरा, पाणी, लोहचुंबक यांवर पहिली दोन वर्षे सहज निघतात. विजेसाठी दीड व्होल्टचा सेल व टॉर्चचा लहान दिवा पुरे. भिंतीतील विजेशी मुलांचा संबंध येता कामा नये. बटणासारखे चपटे सेल आणि लहान, शक्तिमान चुंबक गिळले गेल्यास प्राणावर बेतते. पेटीत ते असतील तर आधी काढून ठेवावेत. भिंगातून अथवा दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू देऊ नये.

चौथी गोष्ट आपल्या स्थानाची. अंगणात काठी रोवून दुपारची सावली वर्षभर मोजावी. मुंबई-पुण्याकडे मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सावली मध्यान्ही पायाशी नाहीशी होते. दिल्लीस राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हे दृश्य कधीच दिसणार नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. दोन्हीकडच्या भावंडांनी आपापली मापे एकमेकांस पत्राने कळवावीत. पृथ्वीच्या गोलाईचा पाठ त्यातूनच सुरू होतो.

आपल्या देशात या कामाची परंपराही आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील 16 शाळांत 1972 साली प्रयोगांवर आधारलेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तो 2002 साली बंद झाला, तरी त्याची ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके आजही चाळण्यासारखी आहेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक इयत्तांसाठी पाठ्यपुस्तके व कार्यपुस्तके तयार केली. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याची श्री. अरविंद गुप्ता यांची पुस्तके मराठीतही मिळतात.

एक व्यावहारिक सूचना. आज घरी शिकणारे मूल उद्या शाळेत अथवा परीक्षेला बसेल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष अशा तीन पातळ्या आहेत. त्यांचा पाठ्यक्रम जवळ ठेवावा आणि वर्षातून दोनदा आपल्या वहीशी ताडून पाहावा. काय राहिले ते वेळीच कळते.

आणि सर्वांत स्वस्त साधन म्हणजे ती वही. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी अर्धा तास एवढा नेम पुरे आहे. डावीकडे ‘मला काय वाटले होते’, उजवीकडे ‘प्रत्यक्षात काय झाले’, असे मुलांना स्वतःच्या अक्षरात लिहू द्यावे. डावी बाजू चुकली म्हणून तिच्यावर काट मारू नये. उत्तर तुम्हांलाही ठाऊक नसेल, तर ‘चल, करून पाहू’ असे म्हणावे आणि खरोखरच मुलांबरोबर करून पाहावे.