वीज केंद्राच्या देखरेखीत गावकऱ्यांना हक्काची जागा द्या

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : कोराडी व खापरखेडा औष्णिक वीज केंद्रांच्या संमतीपत्रात रहिवाशांच्या देखरेख समितीची अट घालण्याबाबत

महोदय,

नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची दोन मोठी औष्णिक केंद्रे आहेत. कोराडीत 660 मेगावॉटचे तीन संच आहेत आणि खापरखेड्याची क्षमता 1340 मेगावॉट आहे. कोराडीतच 660 मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर 29 मे 2023 रोजी जनसुनावणी झाली. पर्यावरणीय मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार लोकांना समोरासमोर बोलण्याची हक्काची जागा ही एवढीच, आणि ती मिळते प्रकल्प उभा राहण्याआधी, एकदा. त्यानंतर केंद्र पंचवीस-तीस वर्षे कोळसा जाळते, आणि त्या सगळ्या काळात शेजारच्या गावाची ओळख कागदोपत्री एकच उरते, ती तक्रारदाराची. गावाला तक्रारदाराऐवजी देखरेखीतला भागीदार करावे, एवढेच मला म्हणायचे आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. जल आणि वायू प्रदूषणाच्या कायद्यांखाली संमतीपत्र देताना अटी घालण्याचा अधिकार आपल्या मंडळाकडे आहेच.

आज देखरेख कशी चालते? धुरांड्यातून जाणारी धूळ आणि वायू सतत मोजणारी यंत्रे केंद्राच्याच आवारात, केंद्राच्याच ताब्यात असतात. मंजुरीतील अटी पाळल्याचा सहामाही अहवालही केंद्रच लिहिते. मंडळाचे अधिकारी येऊन नमुने घेतात, पण त्यांच्याकडे एकच कारखाना नसतो. धुरांड्यावर निदान यंत्र तरी आहे, राखडीवर तेही नाही. आपल्याकडच्या कोळशात 30 ते 40 टक्के राख निघते. ती पाण्यात कालवून पाइपांतून बंधाऱ्यापर्यंत नेली जाते. पाइप कुठे फुटला, बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी कुठे पाझरू लागले, हे आधी कळते ते तिथल्या वावरात काम करणाऱ्याला. बंधाऱ्याचा पृष्ठभाग वाळला आणि वारा सुटला की वेचणीला आलेल्या कापसावर, संत्र्याच्या पानांवर करडा थर बसतो. अंगणात झाकण न ठेवलेल्या पाण्यावर तवंग धरतो. कोणत्या दिवशी, कोणत्या दिशेने, किती वेळ राखड उडाली याची नोंद सहामाही अहवालात सापडत नाही. ती घेऊ शकणारी माणसे तिथेच राहतात, पण त्यांच्या नोंदीला आज काडीचीही किंमत नाही.

या नोंदीने काय घडू शकते ते याच परिसराने दाखवले आहे. 2021 मध्ये मंथन अध्ययन केंद्र, सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर या संस्थांनी या दोन केंद्रांभोवतीच्या गावांत पाण्याचे आणि राखेचे नमुने तपासून अहवाल प्रसिद्ध केला. पाण्यात जड धातू मर्यादेबाहेर असल्याचे त्यात नोंदवले होते. गावकऱ्यांची तक्रार जुनी होती, पण प्रयोगशाळेचे आकडे हाती आल्यावर ती टाळणे कठीण झाले. फेब्रुवारी 2022 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे याच परिसरातल्या नांदगावला आले आणि तिथल्या राख तलावात राख सोडणे थांबवण्याचे आदेश निघाले. पुढे जुलै 2022 च्या पावसात जवळच्याच खसाळ्याचा राख बंधारा फुटला. राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत आणि तिथून पुढे कन्हान नदीत गेला. कन्हान ही नागपूरला पाणी पुरवणारी नदी आहे, म्हणून हा प्रश्न दोन-चार खेड्यांपुरता उरत नाही. नांदगावच्या बाबतीत बाहेरच्या संस्था आल्या म्हणून काम हलले. पण ज्या गावात अशी संस्था पोहोचत नाही, त्याने कुणाकडे पाहायचे?

महाराष्ट्राला स्थानिक देखरेखीचा अनुभव नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दीर्घकाळ त्याचे अध्यक्ष होते. डहाणूचे 500 मेगावॉटचे केंद्र चिकूच्या वाड्यांना लागून आहे. धुरातील गंधकाचे वायू शोषणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने 1999 मध्ये दिला. कंपनीने ती बसवायला 2007 उजाडले, पण बसवली. देशातील बहुतेक केंद्रांसाठी असे निकष केंद्र सरकारने 2015 मध्ये काढले, हे लक्षात घेतले तर एका तालुक्यापुरत्या प्राधिकरणाने केवढा पल्ला गाठला ते कळते. दुसरा धडाही डहाणूचाच आहे. वाढवण बंदराला याच प्राधिकरणाने 2023 मध्ये सशर्त परवानगी दिली, तेव्हा बंदराला विरोध करणाऱ्या स्थानिकांपुढे दाद मागण्यासाठी न्यायालयच उरले. वरून नेमलेल्या मंडळींच्या सद्भावनेवर कायमचे विसंबता येत नाही, देखरेखीत रहिवाशांची स्वतःची जागा असावी लागते.

म्हणून कोराडी व खापरखेड्याच्या संमतीपत्रांचे पुढचे नूतनीकरण करताना चार गोष्टी अटी म्हणून घालाव्यात. बाधित गावांच्या ग्रामसभांनी निवडलेली समिती असावी, तिच्यात निम्म्या महिला असाव्यात आणि आरोग्यसेविका व शेतकरी असावेत. समितीला राख बंधारे आणि पाइपमार्ग पाहण्याचा, आणि मंडळाच्या अधिकाऱ्यांबरोबर नमुने घेताना हजर राहण्याचा हक्क असावा. तिला पसंतीच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वर्षातून ठरावीक तपासण्या करून घेता याव्यात, आणि त्यांचा खर्च केंद्राने मंडळाकडे जमा केलेल्या निधीतून व्हावा. शेवटची अट अशी की, समितीने लेखी हरकत घेतली तर मंडळाने ठरावीक मुदतीत कारणांसह उत्तर द्यावे आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावे.

यावर पहिला आक्षेप येईल की गावकऱ्यांना तांत्रिक बाबी कळत नाहीत. पण समितीला धुरांड्याचे गणित मांडायचे नाही. नमुना कुठून, कधी घेतला आणि आकडा मर्यादेत आहे की नाही, एवढे पाहायचे आहे. रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करावे, असे खुद्द कायदा सांगतो. जी ग्रामसभा मस्टर तपासू शकते, ती पाण्याच्या तपासणीचा अहवालही वाचू शकते. दुसरा आक्षेप विजेचा. समितीच्या हाती संच बंद करण्याचा अधिकार मी मागत नाही, तो आपल्याकडेच राहावा. उलट पाझर लहान असताना कळला तर बंधारा फुटण्याची वेळ येत नाही, आणि केंद्र बंद ठेवण्याचीही. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे : अशी समिती पुढाऱ्यांच्या आणि राख वाहणाऱ्या कंत्राटदारांच्या हातात जाईल. ती भीती रास्त आहे. म्हणूनच केंद्राशी किंवा राखेच्या वाहतुकीशी आर्थिक संबंध असलेल्या कुणालाही सदस्य होता येऊ नये, सदस्य दर दोन वर्षांनी बदलावेत आणि समितीचा प्रत्येक कागद खुला असावा. बिघडण्याची शक्यता आहे म्हणून समितीच नको म्हणणे म्हणजे आजची बंद दारे कायम ठेवणे.

माहिती उघड केल्याने उद्योग सुधारतो, हे तत्त्व मंडळाने स्वतः मान्य केले आहे. कारखान्यांच्या धुरांड्यांना तारे देणारी योजना आपण 2017 मध्ये सुरू केलीत. रहिवाशांची समिती ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे, आणि आज तिची निकड वाढली आहे. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने बहुसंख्य औष्णिक केंद्रांना गंधक रोखणाऱ्या यंत्रणेच्या सक्तीतून वगळले. दहा लाखांहून मोठ्या शहरांलगतच्या केंद्रांसाठी डिसेंबर 2027 ची मुदत ठेवली. ही मुदत याआधी अनेकदा पुढे गेली आहे. दिल्लीतले नियम सैल होत असतील तर गावातली नजर घट्ट व्हायला हवी. नव्या संचांच्या सुनावणीत लोकांना बोलायला बोलावले गेले. जुन्या संचांची राखड रोज झेलणाऱ्यांना पाहण्याचा, मोजण्याचा आणि उत्तर मागण्याचा अधिकार देणे आपल्या या चार अटींनी शक्य आहे. त्या अटी येत्या नूतनीकरणातच घालाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वीजग्राहक नागरिक