छबीसाठी छळ

थंडी पडू लागली की १८७९ पासूनच्या आपल्या कमाटीबागेत पाहुणे पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागोमाग लांबलचक भिंगे घेतलेली मंडळीही. पूर्वीचे लोक बंदूक रोखीत, आम्ही केवळ कॅमेरा रोखतो, असे ही मंडळी अभिमानाने सांगतात. हा अभिमान तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

लाल कंठाचा माशीमार हा जेमतेम १० ग्रॅम वजनाचा पक्षी पूर्व युरोप आणि रशियाकडील जंगलांतून आपल्याकडे हिवाळा काढावयास येतो. दिवसभर किडे टिपून अंगात चरबी साठविली, तरच चैत्रातील परतीचा प्रवास त्याला झेपणार. अशा वेळी कोणी मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज लावतो. आपल्या हद्दीत परका शिरला असे समजून तो बिचारा अन्न टाकून धावत येतो, फांदी न् फांदी धुंडाळतो. शत्रू सापडत नाही. छायाचित्र मात्र झकास येते! एकामागून एक पाच जणांनी हाच खेळ मांडला, तर त्या जिवाने खावे केव्हा? थिरथिऱ्याला दगडावर अळ्या ठेवून भुलविणे हा त्याचाच धाकटा भाऊ.

फुलपाखरांची कथा याहून वाईट. त्यांनी हलू नये म्हणून काही महाभाग त्यांना फ्रिजमध्ये गारठवितात, मग फुलावर बसवून ‘निसर्गाची किमया’ टिपतात. ज्या रुईच्या पानांची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो, तिच्यावरच ‘प्लेन टायगर’च्या अळ्या वाढतात. उद्या माळ्याने ती रुई तण म्हणून उपटली, तर यांतील कितीजण तक्रार करतील?

सरकारी नोकरीत कलमे वाचण्याची खोड जडली, म्हणून सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे अंतर्भूत आहे. घरट्याभोवतीची पाने छाटून पिलांची छबी घेणाऱ्याने बंदुकीचे नाव जपूनच घ्यावे.

छायाचित्रांमुळे लोकांत आवड निर्माण होते, हे मान्य. पण झाडाखाली तासभर गप्प बसूनही चित्र मिळते. मिळाले नाही, तर पक्षी तरी पाहून होतो. आपल्या मंडळाने यापुढे प्रदर्शनासाठी येणाऱ्या प्रत्येक चित्राखाली ते कसे मिळविले हे लिहून मागावे, आणि घरट्यातील पिलांचे चित्र, पारितोषिक दूरच, भिंतीवरही लावू नये.