आकडा नाही, इशारा बघा



उन्हाळा आला की मोबाईलवर तापमानाचे आकडे फिरायला लागतात. ३० मे २०२४ ला शेजारच्या नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. नंतर हवामान खात्याने सांगितलं, सेन्सर बिघडला होता. पण म्हणून अंदाजच खोटे असतात, असं नाही. ती चूक मोजणाऱ्या यंत्राची होती.

उष्णतेची लाट येणार हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी बरोबर कळतं. चुकतो तो नेमका आकडा. सगळ्यात कडक दिवसाचा पारा मॉडेल बरेचदा कमीच धरतं. शिवाय अंदाज हवेचा असतो, आपल्या पांढुर्णा-सौसरच्या तलावातल्या पाण्याचा नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, पहाटे तर सगळ्यात कमी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऑरेंज अलर्ट आला की ४४ का ४६, हा वाद नको. खाद्य कमी करा. पहाटे मासे वर तोंड काढतात का, बघा. दुपारच्या आत डोंगा काठाला लावा. इशारा फुकट गेला तर एका दिवसाची कमाई बुडेल. ऐकलाच नाही तर वर्षभराची मासळी जाईल, अन् एखादा माणूसही.

– सचिव