कोठडी आणि करवत

मराठी माणसाचे अंदमान एका कोठडीएवढे आहे. सेल्युलर जेलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, ओळीच्या टोकाला ती आहे. सहल कंपन्यांच्या जाहिरातींत ती असते, दिवाळी अंकांतल्या प्रवासलेखांत असते, शालेय भाषणांत असते. तिच्या उंबऱ्यापाशी चपला काढल्या जातात, डोळे पाणावतात, घोषणा दिल्या जातात. संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो आणि दुसऱ्या दिवशी मंडळी प्रवाळ पाहायला बोटीत बसतात. त्या उंबऱ्यावर कोणी नतमस्तक व्हावे याला आमची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र मान वर केल्यावरही ज्यांना भोवतालचे बंदर दिसत नाही, त्यांच्याशी आम्हाला भांडायचे आहे. त्यांत साहित्याचे शिक्षक बहुसंख्येने आहेत, म्हणून हे भांडण घरातलेच आहे.

पोर्ट ब्लेअरचे (२०२४ पासून अधिकृतपणे श्रीविजयपुरमचे) बंदर बेटांनी राखलेले आहे. मुखाशी रॉस, आत व्हायपर, आणि या दोहोंच्या मध्ये, शहराला पुलाने जोडलेले चॅथम. रॉसवर साहेबांचे बंगले, चर्च आणि नाचघर होते; तेथील अवशेषांना विळखा घालून बसलेल्या मुळांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. व्हायपरवर वधस्तंभ आहे. लॉर्ड मेयोचा वध करणाऱ्या शेर अलीला १८७२ च्या मार्चमध्ये तेथेच फासावर दिले गेले. चॅथमवर मात्र लाकूड कापण्याची एक सरकारी गिरणी आहे. ती पाहायला कोणी मुद्दाम जात नाही. कार्यक्रमपत्रिकेत अर्धा तास उरला तर वाहन तिकडे वळते.

आमचे म्हणणे असे की अंदमान समजून घ्यायचे तर आधी या अर्ध्या तासाच्या बेटावर जावे आणि मग तुरुंगाकडे वळावे.

कारण सुरुवात चॅथमवरच झाली. आर्चिबाल्ड ब्लेअरने १७८९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची पहिली वसाहत वसवली ती या बेटावर. तीन वर्षांत ती उत्तरेकडे हलवली गेली आणि १७९६ मध्ये मोडीत निघाली. पुढे १८५७ चा उठाव झाला, तुरुंग भरून वाहू लागले आणि कंपनीला पुन्हा अंदमान आठवले. १० मार्च १८५८ रोजी आग्र्याच्या तुरुंगाचा अधीक्षक जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे बंदिवानांना घेऊन या बंदरात आला. त्यांना प्रथम उतरवले गेले ते चॅथमवर, आणि त्यांना पहिले काम मिळाले ते जंगल तोडण्याचे. बेटावर पिण्याचे पाणी अपुरे निघाले म्हणून मुख्य ठाणे रॉसवर गेले. जे पळाले त्यांच्यापैकी पुन्हा हाती लागलेल्या ८० हून अधिक जणांना वॉकरने त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका दिवसात फाशी दिली. सेल्युलर जेलची पहिली वीट रचली जायला तेव्हा आणखी जवळजवळ चार दशके होती.

हा कालक्रम नीट लक्षात घ्यावा. काळ्या पाण्याची शिक्षा भिंतींच्या आधीची आहे. अंदमानात बंदिवानाच्या हाती प्रथम आली ती कुऱ्हाड; कोठडी त्याच्या वाट्याला फार पुढे आली. समुद्र हीच भिंत असल्यामुळे माणसे कोंडण्याची गरज नव्हती. गरज होती ती त्यांच्याकडून काम करून घेण्याची. दलदली बुजवणे, रस्ते करणे, धक्के बांधणे, झाडे पाडणे, ओंडके ओढणे ही सगळी कामे जन्मठेपेच्या शिक्षेत बसवली गेली. बंदिवानांच्या श्रेण्या ठरवल्या गेल्या. पहिली वर्षे सक्त मजुरीची. निभावून नेणाऱ्याला पुढे सवलती आणि शेवटी स्वतःची कमाई करून राहण्याची मुभा. शिक्षेच्या पोटात संपूर्ण मजूरव्यवस्था वाढत होती. १८८३ मध्ये अंदमानात वनखाते सुरू झाले आणि त्याच वर्षी चॅथमवर करवती फिरू लागल्या. बंदिवानांनी पाडलेला पडौक येथे चिरून कलकत्त्याला आणि समुद्रापार जाऊ लागला. १९०१ च्या सुमारास वसाहतीत सुमारे १२,००० बंदिवान होते. सेल्युलर जेलमध्ये डांबलेले क्रांतिकारक राजबंदी काही शेकड्यांत मोजावेत एवढेच. आपण ज्यांचे पुतळे करतो ते हे शेकड्यांतले. ज्यांच्या श्रमावर ही बेटे उभी राहिली ते हजारो आपल्या एकाही धड्यात नाहीत.

आज चॅथमवर काय दिसते? ओंडक्यांचे ढीग, जुनी अवजड यंत्रे, लाकडाचा वास. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२ मध्ये, जपानी बॉम्बने पडलेला खड्डा जपून ठेवला आहे. वनखात्याचे छोटेखानी संग्रहालय आहे. त्यात निरनिराळ्या जातींच्या लाकडांचे नमुने आणि कोरीव वस्तू. मार्गदर्शक गिरणीचे वय सांगतो, आशियातल्या जुन्या नि मोठ्या गिरण्यांत तिची गणना होते असे सांगतो आणि पडौकच्या तांबूस रंगाची तारीफ करतो. हे सगळे ऐकण्यासारखे आहे. पण ओंडका येथवर कोणी आणला, हा साधा प्रश्न त्या सगळ्या कौतुकात मागे पडतो. बंदराच्या एका काठावर 'बलिदान' दाखवायचे आणि दुसऱ्या काठावर 'उद्योग', अशी वाटणी झालेली आहे. तुरुंगात गेल्यावर रडायचे, गिरणीत गेल्यावर थक्क व्हायचे. आमचा आक्षेप नेमका या वाटणीवर आहे. कोठडी आणि करवत ही एकाच यंत्राची दोन चाके होती. १८९६ ते १९०६ या काळात जी सेल्युलर जेल उभी राहिली, तीदेखील बंदिवानांच्याच हातांनी. विटा ब्रह्मदेशातून आल्या, घाम येथला होता.

हे आम्ही सांगतो आहोत ते इतिहासाच्या वर्गासाठी नव्हे. साहित्याच्या वर्गात याचा संबंध येतो तो 'माझी जन्मठेप'मुळे. हे पुस्तक आपण कसे शिकवतो? धैर्य, देशभक्ती, भिंतीवर लिहिलेल्या कविता, बारीसाहेबाशी उडालेले खटके. विद्यार्थी परीक्षेत 'तेजस्वी', 'ओजस्वी', 'धगधगते' ही विशेषणे ओळीने मांडतात आणि आपण गुण देतो. वास्तविक हे पुस्तक मराठीतल्या श्रमाविषयीच्या मोजक्या गद्यग्रंथांपैकी एक आहे, असे आमचे मत आहे. नारळाचा छिलका कुटून काथ्या काढणे, कोलूला जुंपून घेणे, रोजचे ३० पौंड खोबरेल भरेपर्यंत न सुटणारा फेरा, हे सारे त्यात जागोजागी आहे. कैद्यांतूनच नेमलेले वॉर्डर, जमादार नि पेटी ऑफिसर आपल्याच माणसांवर कशी हुकमत गाजवतात याचे तपशील आहेत. पुढे लेखकाकडेच तेलाच्या गोदामावरची देखरेख येते. म्हणजे घाणा ओढणारा हात आणि तेलाचा हिशेब ठेवणारा हात एकाच माणसाचे होतात. कोणत्याही चांगल्या वाचकाने येथे थांबायला हवे. आपण थांबत नाही, कारण आपल्याला नायक हवा असतो आणि नायकाने हिशेब ठेवणे आपल्याला फारसे शोभिवंत वाटत नाही. कोलू आपल्या वर्गात छळाचे प्रतीक होऊन येतो. तो तेल काढण्याचे साधन होता आणि त्या तेलाला किंमत येत होती, हे बोलले जात नाही. प्रतीक झालेल्या वस्तूचा असा पहिला बळी जातो: तिचा उपयोग विसरला जातो.

यावर कोणी म्हणेल की असा विचार करणे म्हणजे सावरकरांना लहान करणे. दुसरा कोणी म्हणेल की सावरकरांचे नाव घेतलेत, आता त्यांच्या अर्जांविषयीही बोला. या दोन्ही पक्षांना आमचे एकच उत्तर आहे: तुम्ही दोघेही त्याच कोठडीत बसून भांडत आहात. एकाला ती देऊळ वाटते, दुसऱ्याला न्यायालय. बाहेरचे बंदर दोघांनाही दिसत नाही. २००४ मध्ये सेल्युलर जेलच्या आवारातील स्वातंत्र्यज्योतीवरून सावरकरांची वचने काढली गेली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता. वचने काढणे क्षुद्रपणाचे होते असे आमचे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. २०१५ मध्ये ती परत बसली, हे योग्यच झाले. पण त्या सगळ्या आगपाखडीत, समर्थनात आणि विरोधात, अंदमानचे रहिवासी कोठे होते? त्याआधी दोनच वर्षे, मे २००२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तेथील वृक्षतोडीवर कडक बंधने घातली होती आणि लाकडावर उभ्या असलेल्या एका अर्थव्यवस्थेचा पाया हलला होता. तोडणाऱ्यांचे काय होणार आणि जंगलात राहणाऱ्यांचे काय होणार, या प्रश्नांवर मराठीत कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. आपल्याला पाटीची काळजी होती.

पाट्या आणि नावे यांवरच आपला जीव आहे. २०१८ मध्ये रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्रीविजयपुरम. चॅथमचे नाव तेवढे जुनेच राहिले आहे. बदलावे एवढेही लक्ष त्याच्याकडे कोणाचे गेलेले दिसत नाही. वसाहतवादाशी हिशेब चुकता करायचा तर नावाच्या आधी कामाची वही उघडावी लागते. त्या वहीत कोणाकोणाची नावे निघतील? बंदिवान स्त्रियांची, ज्यांचे वेगळे बंदिगृह होते आणि ज्यांची लग्ने वसाहत 'स्थिर' व्हावी म्हणून सरकारी देखरेखीखाली लावली गेली. त्यांच्या वंशजांची, जे स्वतःला 'लोकल बॉर्न' म्हणवतात. मुलखामुलखांतून आणि निरनिराळ्या जातिधर्मांतून आलेल्या त्यांच्या पूर्वजांच्या सहवासातून तेथे एक वेगळीच हिंदुस्तानी घडली. आणि १९१८ पासून छोटा नागपूरहून आणलेल्या उरांव, मुंडा, खडिया मजुरांची. जंगलतोडीला बंदिवान अपुरे पडू लागले तेव्हा त्यांची जागा या आदिवासींनी घेतली. त्यांना तेथे आजही सरसकट 'रांची' म्हणतात. गावाचे नाव माणसांना चिकटवले की माणसाचे नाव विचारावे लागत नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर तर आपण साहित्य-भाषेच्या लोकांनी मान खाली घालावी असे काही आहे. वॉकरचे बंदिवान जे जंगल तोडत होते ते रिकामे नव्हते. मे १८५९ मध्ये ॲबरडीनपाशी अंदमानी लोकांनी वसाहतीवर चाल केली. त्यांच्यात वर्षभर राहिलेला दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला बंदिवान आधीच परत आला होता; त्याने इंग्रजांना सावध केले आणि चाल फसली. त्याला माफी मिळाली. एका बंदिवानाची सुटका आणि एका समाजाचा पराभव अशा एकाच घटनेत गुंफले गेले, यावर एखादी कादंबरी मराठीत व्हावी एवढे द्रव्य त्यात आहे. पुढे रोगांच्या साथी आल्या. १८७७ च्या गोवराने वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. काही हजारांचा ग्रेट अंदमानी समाज आज शंभराच्याही आत आहे. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर वारली आणि तिच्याबरोबर 'आका-बो' ही भाषा बोलणारे शेवटचे माणूस गेले. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी ग्रेट अंदमानीचे व्याकरण आणि कोश सिद्ध केले, म्हणून काही हाती उरले. मराठीच्या अभिजात दर्जासाठी वर्षानुवर्षे चर्चासत्रे भरवणाऱ्या आपल्या विभागांपैकी किती जणांनी आपल्याच देशातल्या या मृत्यूची नोंद घेतली?

आमच्यावर एक आरोप होईल, तो आम्हीच लिहून ठेवतो: तुम्ही बलिदानाला मजुरीत बुडवता. आम्हाला तसे वाटत नाही. कोलूपाशी उभा असलेला राजबंदी एकटा नव्हता. शेजारच्या घाण्याला चोर, दरोडेखोर, खुनी, आणि कधी निरपराधही, त्याच घामाने भिजत होते. राजबंद्याचे मोठेपण त्यांना पुसून टाकल्याने वाढत नाही. उलट त्या गर्दीत ठेवून पाहिले तरच त्याच्या निष्ठेला वजन येते. रिकाम्या रंगमंचावर एकट्यावर टाकलेला झोत डोळे दिपवतो, पण आजूबाजूचे काही दिसू देत नाही. ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमाने आपल्या वाचनपद्धतीचा कब्जा घेतला आहे, तो असा.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. 'माझी जन्मठेप' अभ्यासक्रमात जरूर ठेवा, पण ते कामाचे पुस्तक म्हणून शिकवा: कोण काय करीत होते, किती वेळ, कोणाच्या देखरेखीखाली, आणि निघालेले तेल कोठे गेले. विद्यार्थ्यांना विशेषणे लिहू देऊ नका, क्रियापदे शोधायला लावा. सहल घेऊन जाणार असाल तर पहिला दिवस चॅथमला द्या. तेथे डोळ्यांत पाणी येणार नाही, घोषणाही सुचणार नाहीत. भुसा तेवढा अंगावर उडेल. तो न झटकता मग तुरुंगाच्या पायऱ्या चढाव्यात. कोठडी तीच असेल. तिच्या गजांतून शेजारच्या हजारोंचे काम दिसू लागले, तर आपण वाचायला शिकलो असे म्हणता येईल.