काडतुसांचं रेशनकार्ड

टंचाईची बाजू घेऊन बोलणं आपल्याकडे चारचौघांत सासूची बाजू घेण्याइतकं धोक्याचं आहे. लहानपणी रॉकेलचा डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला 'टंचाई चांगली' असं सांगणारा इसम एकतर व्यापारी असतो, नाहीतर मंत्री. मी दोन्ही नाही. मी बी.कॉम. झालेला, पेणला राहणारा आणि रोह्याच्या एका शाखेत कॅश काउंटरमागे बसणारा कारकून आहे. तरीही आज मी टंचाईचं वकीलपत्र घेतलं आहे. फक्त ती तांदळाची किंवा रॉकेलची नव्हे, तर मोबाईलवरच्या बंदुकबाजीतल्या गोळ्यांची!

हसू नका. सकाळच्या दिवा-रोहा गाडीत पेणला चढून पाहा. पूर्वी डब्यातल्या माना झोपेने खाली असत, आता लढाईने असतात. कासू येईपर्यंत तिघे धारातीर्थी पडलेले असतात, नागोठण्याला उरलेली फौज कापली जाते आणि रोह्याला सगळे मृतात्मे डबा सावरत मुकाट्याने कामावर जातात. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये ती बीजीएमआय असं सासरचं नाव लावून परत आली, २०२२ मध्ये पुन्हा गेली आणि २०२३ मध्ये पुन्हा आली. इतक्या वेळा रुसून परत येणाऱ्या पाहुणीबद्दल घरात काहीतरी धोरण हवंच.

आमच्या डब्यात धाटावच्या कारखान्यात जाणारे एक तरुण इंजिनिअर आहेत. त्यांचं धोरण ठरलेलं आहे. "काका, गोळ्या मोजायला आम्ही काय कॅशियर आहोत? गोळ्या अनलिमिटेड पाहिजेत. ज्याचा नेम चांगला तो जिंकेल. हिशोब!" या पक्षाला मी अनलिमिटेड पक्ष म्हणतो. पक्ष मोठा आहे, तरुण आहे आणि साफ चुकीचा आहे.

पहिला मुद्दा असा की, गोळ्या अमर्याद झाल्या की नेमाचं महत्त्व वाढत नाही, ते संपतं. नेम चुकला तर काहीतरी गेलं पाहिजे. काहीच जात नसेल तर नेम धरायचा कशाला? घोडा दाबून ठेवायचा, नळीतून पाणी सोडावं तशा गोळ्या सोडायच्या. तीसातली एखादी लागेलच. या प्रकाराला ही मुलं 'स्प्रे मारणं' म्हणतात. आम्हा पेणकरांना हा शब्द नवा नाही. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या अंगाला रंग स्प्रेने मारतात, पण डोळ्यांच्या आखणीला जाणता हातच लागतो आणि बारीक कुंचलाच लागतो. उद्या कुणी डोळेही स्प्रेने काढायचं ठरवलं, तर काम झटपट होईल, पण बाप्पा आपल्याकडे बघणार नाही.

आणि हे कुणाला सांगावं लागावं? रोहेकरांना? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण ज्या रोह्यात गेलं, त्या रोह्याला जाणाऱ्या गाडीत 'अमर्याद द्या' अशी घोषणा निघावी? नोटा अमर्याद छापल्या की पोतंभर नोटा देऊन जुडीभर कोथिंबीर मिळते, ही गोष्ट बी.कॉम.ला पहिल्याच वर्षी शिकवतात. गोळीचंही तसंच. एस.टी.डी. बूथवर लाल आकडे धावायचे, तेव्हा माणसं दीड मिनिटात मुलगी पसंत असल्याचं कळवून मोकळी होत. आता कॉलिंग अनलिमिटेड आहे, तर 'आणखी काय' एवढ्यावर अर्धा तास निघतो.

दुसरा मुद्दा जोरदार बंदुकांचा. मूळ पबजीत एडब्ल्यूएम नावाची बंदूक आहे. सगळ्यात जाड शिरस्त्राण घातलेलाही तिच्या एका गोळीत आडवा होतो. ती रस्त्यात सापडत नाही, विमानातून पडणाऱ्या पेटीत मिळते, आणि सोबत गोळ्या जेमतेम वीस. वीस संपल्या की ती काठी. म्हणून तिचा मालक सम्राट असतो, पण वीस गोळ्यांपुरता. ही अक्कल जुनीच आहे. १९९३ सालच्या 'डूम'मधली सगळ्यात भयंकर बंदूक एका बाराला चाळीस सेल खायची. 'काउंटर-स्ट्राइक'वाल्यांनी तर नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या एडब्ल्यूपी या जबरदस्त बंदुकीचं मॅगझिन दहावरून थेट पाचावर आणलं. लोकांनी आरडाओरडा केला. करणारच. पगारवाढ थांबली की आमच्या युनियननेही केला होता. पण त्यानंतर एकाच कोपऱ्यात बसून दहा बार काढायची सोय राहिली नाही, हे खरं.

टंचाईने माणसं एकमेकांशी बोलतात, हाही फायदा. पबजीत एका जातीच्या बंदुकीला ७.६२ची गोळी लागते, दुसरीला ५.५६ची. चौघांनी हट्टाने एकच जात घेतली तर चौघेही उपाशी. मग वाटप होतं, मागणं होतं, देणं होतं. चुलत भावांत कोर्टाशिवाय झालेलं वाटप मी फक्त या खेळातच पाहिलं आहे.

आता अनलिमिटेड पक्षाचा एकच मुद्दा खरा आहे, आणि तो मी लपवणार नाही. नवख्याचा नेम चुकतो, म्हणून त्याच्या गोळ्या आधी संपतात. शिवाय जो मारतो तो मेलेल्याची पिशवीही लुटतो. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर काउंटरच्या आतून मी हेच पाहिलं. खात्यातून आठवड्याला २४ हजार, ही मर्यादा कागदावर सगळ्यांना सारखीच होती. पण ज्याच्याकडे कार्ड, चेकबुक आणि ओळखीचा किराणावाला होता, त्याला ती टोचली नाही. मासळी विकून रोजचे रोज पैसे करणारी बाई मात्र रांगेत सुकली. सारखी टंचाई सगळ्यांना सारखी लागत नाही. ज्याची गाठ रिकामी त्याला ती आधी लागते.

पण म्हणून उपाय अमर्याद गोळ्या हा नव्हे. तापावर उपाय म्हणून थर्मामीटर फोडत नाहीत. उपाय खेळातच आहेत. काउंटर-स्ट्राइकमध्ये हरणाऱ्या बाजूला मिळणारी रक्कम, लागोपाठ हरत गेलं तर, ५००च्या पायऱ्यांनी ३४०० डॉलरपर्यंत चढत जाते, म्हणजे पुढच्या डावात तिच्या हातात निदान धड बंदूक येते. मला तर यात आपली रोजगार हमीच दिसते. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने ती कामं काढली, १९७७ साली कायदा केला. तत्त्व तेच: पडलेल्याला फुकट जिंकवू नका, पण उभं राहण्यापुरतं द्या. आणि लुटारूवर पबजीचा तोडगा म्हणजे पिशवीची मर्यादा. गोळ्याच भरल्या तर मलमपट्टीला जागा उरत नाही. एस.टी.त दोन बोचकी घेऊन चढणाऱ्या पाहुण्याला कंडक्टर जे सांगतो, तेच.

तेव्हा माझी मागणी मोजून तीन कलमांची. साध्या बंदुकीच्या गोळ्या कुणालाही सहज सापडाव्यात. जबरदस्त बंदुकीच्या गोळ्या इतक्या मोजक्या असाव्यात की बार काढताना मालकाच्या पोटात कालवलं पाहिजे. आणि गोळी खऱ्या रुपयांनी कधीही विकत मिळता कामा नये. पैसेवाल्यांनी हवे तर आपल्या सैनिकाला झगमगीत कपडे घ्यावेत, लग्नातही घेतातच. पण पैसे टाकून गोळ्या मिळू लागल्या, तर तो खेळ राहणार नाही, तो लिलाव होईल.

हे भांडण परक्यांचं म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने २०२४ साली 'इंडस' नावाचा याच जातीचा खेळ बाजारात आणला. म्हणजे कुणाला किती गोळ्या द्यायच्या, हे आता मराठी मुलुखात बसूनही ठरतं. ठरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: टंचाई ही औषधासारखी आहे. बळकटाला पूर्ण मात्रा, अशक्ताला अर्धी. आपल्या देशात ती बहुधा उलटी दिली जाते. निदान खोट्या लढाईत तरी खरा न्याय होऊ द्या.