पराणीने बळ येत नाही

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी एका तरुणीच्या हृदयाची शस्त्रक्रिया केली. सव्वीस मिनिटे तिचे रक्ताभिसरण आणि श्वसन हार्ट-लंग मशिनने सांभाळले. पुढे हृदय थांबवून आतली दुरुस्ती करणे रुळले, आणि त्यासोबत एक नवे दुखणे आले. थांबवलेले हृदय पुन्हा चालू होते खरे. पण काही तास, कधी एक-दोन दिवस, ते जोर धरत नाही.

अशा रात्री आयसीयूत रुग्णाचे पाय गार पडतात, लघवीच्या पिशवीत तासाभरात जेमतेम चार थेंब उतरतात, रक्तातले लॅक्टेट चढत जाते. मग सिरिंज पंपावर इनोट्रोप, म्हणजे हृदयाचा जोर वाढवणारे औषध, लागते. अॅड्रेनलिन, १९७०च्या दशकातले डोब्युटामिन, त्यामागून आलेले मिलरिनोन. वाटा निराळ्या, पण तिन्ही औषधे हृदयाच्या पेशीत कॅल्शियमचा खेळ वाढवून आकुंचन जोरकस करतात. दमल्या बैलाला पराणी टोचली की तो चार पावले झपाझप टाकतो. अंगात बळ मात्र येत नाही. हृदयालाही या टोचणीची किंमत मोजावी लागते: प्राणवायूची भूक वाढते, ठोके बिघडतात.

हा धडा १९९१ साली शस्त्रक्रियागृहाबाहेर मिळाला. हृदय फार दुबळे झालेल्या १,०८८ रुग्णांच्या चाचणीत मिलरिनोनच्या गोळ्यांनी मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढले. रक्ताभिसरण सुधारणारे औषधच जिवावर उठले होते.

म्हणून फिनलंडमधून आलेल्या लेव्होसिमेंडानवर मोठी आशा होती. ते पेशीत कॅल्शियमची भर घालत नाही. आहे त्याच कॅल्शियमला स्नायूने अधिक दाद द्यावी, असे पाहते. छोट्या अभ्यासांनी या आशेला खतपाणी घातले. मग २०१७ साली मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत, आधीच दुबळे हृदय घेऊन शस्त्रक्रियेला आलेल्यांना ते सुरुवातीपासून दिले. रक्तपुरवठा घटण्याचा त्रास २५.७ वरून १८.२ टक्क्यांवर आला. पण मृत्यू, डायलिसिस, हृदयविकाराचा झटका किंवा हृदयाला यंत्राचा टेकू, यांपैकी काही ना काही ओढवण्याचे प्रमाण औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत नेमके २४.५ टक्के राहिले. दुसरीत, शस्त्रक्रियेनंतर हृदय ढेपाळलेल्यांना ते दिले: तीस दिवसांतले मृत्यू १२.९ टक्के, बनावट औषधावर (प्लासिबो) १२.८.

याचा अर्थ ही औषधे फेकून द्यावीत असा नाही. हृदय सावरेपर्यंतची सवड त्यांच्यामुळेच मिळते. पण डोस लागेल तेवढाच, दिवस कमीत कमी, आणि महागडी नवी कुपी फोडण्याआधी एक प्रश्न: याने मॉनिटर सुधारेल, की माणूस घरी जाईल? सकाळच्या राउंडला पंप अर्ध्यावर आणला आणि रक्तदाब जागचा हलला नाही, तर समजावे, बैल आपल्या पायांनी चालू लागला.