काथवट तडकते का?

“भाकरीसाठी लाकडी काथवट घ्यावी म्हणते, पण त्या तडकतात असं सासूबाई सांगतात. खरं का?” एका भगिनीनं हे विचारलं आहे. सासूबाईंचं बरोबर आहे, बरं का! माझीही तडकली. तीही बाजारची नव्हे, माहेरच्या चिंचेची. म्हणून आज जरा सविस्तरच लिहिते.

परसातली चिंच श्रावणातल्या पावसात उन्मळून पडली. दादानं लाकूड विकून टाकलं. बुंध्याचे दोन तुकडे तेवढे मी हट्टानं ठेवून घेतले. आईची जुनी काथवट तळाशी झिरपायला लागली होती, आणि स्टीलच्या परातीत पीठ मळलं की तिला ते पटतच नाही. चिंचेचा गाभा काळपट-जांभळा. कठीण किती, तर तेलाच्या घाण्याला नि उखळाला हेच लाकूड वापरतात. सावंतवाडीची रंगीत खेळणी ज्या पांगाऱ्याची होत आली, तो याच्यापुढे लोणीच म्हणायचा.

लेथवर लाकूड कातणाऱ्या काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “ताई, ओलं आहे. आज नुसता जाड आकार काढतो. सुकू दे, मग पुरी करू.” पण आश्विनात आईला ऐंशी पूर्ण होणार होती. मी म्हटलं, नाही, आत्ताच करा. त्यांनी बिचाऱ्यांनी केली. मी शहाणीनं ती गच्चीवर कडक उन्हात ठेवली! चौथ्या रात्री स्वयंपाकघरात ‘टक्’ असा आवाज झाला. सकाळी बघते तर काठापासून तळापर्यंत नाणं शिरेल एवढी चीर. वाढदिवसाला आईला साडीच दिली.

होतं काय, की लाकूड सुकताना आकसतं. बाहेरची बाजू आधी सुकते, आतली ओलीच असते, आणि त्या ओढाताणीत ते फाटतं. शिवाय आमच्या त्या तुकड्यात खोडाचा अगदी मधला भाग तसाच राहिला होता. वर्तुळं जिथून सुरू होतात ना, तिथूनच चीर निघते. म्हणून बाजारात काथवट घेताना आधी उलटी करून बघा. तळाला किंवा कडेला बारीक वर्तुळांचा मध्य दिसला तर खुशाल परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो.

दुसऱ्या तुकड्याच्या वेळी मी गप्प बसले. काकांनी आधी मधला भाग कापून काढला. मग दहा इंच रुंदीची, इंचभर जाड भिंतीची ओबडधोबड काथवट कातली. ओल्या लाकडाच्या लांबच लांब साली निघत होत्या, बटाटा सोलावा तशा. लाकडाच्या रेषा जिथे तुटून उघड्या पडतात तिथून पाणी भराभर उडून जातं, म्हणून त्या दोन बाजूंना मेणबत्तीचं मेण वितळवून लावलं. वर्तमानपत्रात गुंडाळून ती पलंगाखाली ठेवली आणि दर महिन्याला वाण्याकडच्या काट्यावर वजन केलं. वाणी हसायचा. हसू दे! सुरुवातीला भरली 1 किलो 950 ग्रॅम. पुढे उतरत उतरत 1 किलो 460 वर आली आणि तिथेच थांबली. वजन उतरायचं थांबलं, म्हणजे लाकूड सुकलं. याला अकरा महिने लागले.

तोवर ती गोल राहिली नव्हती. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. त्यामुळे एका बाजूनं दोन सूत कमी भरली. भिंत जाड ठेवायची ती यासाठीच, पुन्हा गोल कातायला जागा राहते. मात्र आता सालीऐवजी नुसता भुगा उडत होता. काका दर चार-पाच मिनिटांनी थांबून पटाशीला धार लावत. बोथट धारेनं लाकूड तापतं, आणि तापलं की पुन्हा तडकण्याची भीती.

वरून व्हार्निश लावू दिलं नाही. शेंगदाण्याचं तेलही नको. ते सुकत नाही, चिकट होऊन खवट वास येतो. खाण्याचं जवसाचं तेल चोळून, जास्तीचं पुसून, आठवडाभर ठेवलं. हे तेल लाकडात वाळून घट्ट होतं. रंगाच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ तेल मात्र भांड्याला वापरू नका, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. रोज काम झालं की धुवा, लगेच पुसा आणि सावलीत उभी करून ठेवा. पाण्यात भिजत ठेवायची नाही, उन्हात तर नाहीच.

आईनं पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी उचलून बघितली आणि म्हणाली, “केवढी जड केलीस गं!” मग मळायला बसली. दोन भाकऱ्या झाल्यावर म्हणाली, “पण सरकत नाही हं.”